हेराचा आजार आणि चित्रपटावर चाललेली कात्री

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत वयस्क नायकांच्या हेरपटांवर प्रसिद्ध झालेला लेख मी आवडीने वाचला. त्यात ‘डाइंग ऑफ द लाइट’ या २०१४ च्या अमेरिकी चित्रपटाचा विषय दोन ओळींत आटोपला आहे. नायक म्हणजे विसरभोळा झालेला म्हातारा हेर, निकोलस केज यांचा नेहमीचा आरडाओरडा आणि दिग्दर्शक पॉल श्रेडर यांचा फसलेला प्रयत्न, असा त्याचा आशय आहे. ही तिन्ही विधाने मला दुरुस्त करावीशी वाटतात. नायक विसरभोळा नाही, त्याच्या ओरडण्याला आजाराचे कारण आहे, आणि पडद्यावर आला तो चित्रपट आपला नाही, अशी जाहीर तक्रार खुद्द श्रेडर यांनी प्रदर्शनाआधीच केली होती.

ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगते. इव्हन लेक हा सीआयएचा जुना माणूस. बावीस वर्षांपूर्वी मुहम्मद बनीर नावाच्या दहशतवाद्याने त्याला पकडून त्याचे अतोनात हाल केले आणि त्याचा एक कान कायमचा विद्रूप केला. सुटका झाल्यानंतर खात्याने त्याला मैदानातून काढून मुख्यालयात टेबलाशी बसवले. बनीर मेला, अशी खात्याच्या दप्तरी नोंद आहे आणि लेकचा त्या नोंदीवर विश्वास नाही. पुढे रुमानियात एक धागा हाती लागतो. थॅलॅसेमियावरचे एक प्रायोगिक औषध बुखारेस्टमधील डॉक्टरकडून केनियातील मोंबासाकडे जात असल्याचे दिसते, आणि बनीरला तोच रक्ताचा आजार होता. नेमक्या त्याच सुमारास लेकला फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया झाल्याचे निदान होते. वरिष्ठांच्या लेखी त्याच्या संशयाचे स्पष्टीकरण मिळाले आणि प्रकरण मिटले. मिल्टन शुल्झ हा तरुण सहकारी (अँटन येल्चिन यांनी ही भूमिका मनापासून केली आहे) तेवढा त्याच्या पाठीशी उभा राहतो. अखेर मोंबासात रक्त बिघडलेला एक म्हातारा आणि मेंदू बिघडलेला दुसरा समोरासमोर येतात. अख्ख्या चित्रपटात मला तो प्रसंग सर्वांत खरा वाटला.

आता ‘विसरभोळा’ या शब्दाबद्दल. या आजारात मेंदूचा कपाळामागचा आणि कानशिलांमागचा भाग हळूहळू आक्रसत जातो. प्रागमधील डॉक्टर आर्नोल्ड पिक यांनी १८९२ मध्ये त्याचे पहिले वर्णन केले, म्हणून पुष्कळ वर्षे तो त्यांच्याच नावाने ओळखला जात असे. बहुतेक वेळा तो पंचेचाळीस ते पासष्ट या वयात सुरू होतो. सुरुवातीला स्मरणशक्ती बऱ्यापैकी शाबूत असते. जाते ती तारतम्याची जाण. कुठे काय बोलावे, कुठे हात आवरावा, समोरच्याला काय वाटेल, हे ज्या भागामुळे माणसाला आपोआप कळते, तोच भाग निकामी होत जातो. गोडाची अनावर ओढ लागते, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा केली जाते, जवळच्या माणसांबद्दलची माया आटल्यासारखी होते. काहींच्या बाबतीत आधी भाषा जाते.

मराठीत डिमेन्शियाला आपण सरसकट ‘स्मृतिभ्रंश’ म्हणतो. हा शब्द आपल्याला गीतेच्या दुसऱ्या अध्यायापासून परिचित आहे. तिथे क्रम असा आहे की आधी स्मृतिभ्रंश होतो आणि मग त्यापायी बुद्धिनाश होतो. माझ्या घरी हा क्रम उलटा लागला. बुद्धी गेली आणि स्मृती जागच्या जागी राहिली. म्हणूनच आम्हाला दोन वर्षे काही कळले नाही, आणि म्हणूनच हे पत्र लिहीत आहे.

माझे यजमान एका बँकेच्या अंतर्गत तपासणी विभागात होते. खात्यांमधली लबाडी शोधून काढणे हे त्यांचे काम, आणि त्या कामात त्यांचे नाव होते. वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी चुलत सासऱ्यांच्या तेराव्याला पंगतीत बसले असताना त्यांनी शेजारच्या पानातला लाडू उचलून खाल्ला आणि आपले काही चुकले आहे असे त्यांच्या चेहऱ्यावर अजिबात दिसले नाही. नातेवाइकांत ‘साठी बुद्धी नाठी’ सुरू झाले; साठीला तीन वर्षे बाकी असतानाच. एका डॉक्टरांनी नैराश्य ठरवून वर्षभर गोळ्या दिल्या. मी न्हाणीघरात घसरून पडले आणि मनगट मोडले, त्या दिवशी ते दारात येऊन उभे राहिले, माझ्याकडे पाहिले आणि चहा कधी होणार, असे विचारून परत गेले. तीस वर्षांच्या संसारात त्यांनी मला कधी टोचून बोललेले आठवत नाही. मला ते मनगटापेक्षा जास्त लागले, कारण हा आजार आहे हे मला ठाऊक नव्हते. आणि त्याच काळात कोणत्या वर्षी कोणत्या शाखेत किती रुपयांचा अपहार सापडला, हे ते आकड्यांसह बिनचूक सांगत होते. मग ‘स्मृतिभ्रंश’ हा शब्द आमच्या मनात यायचा कसा? शेवटी एमआरआय पाहून एका मेंदुविकारतज्ज्ञांनी समजावले, “गाडीचे इंजिन अजून धड आहे, वहिनी. ब्रेक गेले आहेत.”

केज यांच्या अभिनयाला आपल्या लेखात आरडाओरडा म्हटले आहे, तसे अमेरिकेतील काही समीक्षकांनीही म्हटले होते. त्यांच्या काही चित्रपटांत तो असेलही. इथे मात्र लेक वरिष्ठांशी शांतपणे बोलता बोलता एकदम भडकतो, आणि भडका उडून गेल्यावर मध्ये काही घडलेच नाही अशा चेहऱ्याने पुढचे बोलू लागतो. तो चेहरा मी स्वयंपाकघरात, बँकेच्या पायरीवर आणि दवाखान्याच्या बाकावर पाहिलेला आहे. राग चढायला आणि उतरायला निरोगी माणसाला जो वेळ लागतो, तो या आजारात लागत नाही. पाहणाऱ्याला हे नाटकी वाटते, यात नवल नाही. आमच्या नातेवाइकांनाही यजमान नाटक करतात असेच वाटत होते.

या चित्रपटाचे मला सर्वांत मोल वाटते ते त्याने नायकाला दिलेल्या व्यवसायामुळे. संशय घेणे, एका गोष्टीचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करणे, समोरच्याची कणव न येऊ देणे, हे सगळे हेराचे गुण मानले जातात आणि या आजारातही हेच दिसू शकते. त्यामुळे लेकचा आजार त्याच्या कर्तबगारीच्या मागे लपून राहतो. माझ्या यजमानांचाही तसाच लपला; ते नको तिथे खोदकाम करू लागले तेव्हा सहकाऱ्यांना वाटले, तपासनीस आहे, स्वभावच तो. पुढे निदान झाल्यावर पारडे उलट्या बाजूला झुकते. माणूस आजारी ठरला की त्याचे सगळेच बोलणे आजाराच्या खात्यावर जमा होऊ लागते. लेक आजारी आहे, हे खरे आहे. बनीर जिवंत आहे, हेही खरे आहे. खात्याला या दोन गोष्टी एकत्र खऱ्या असू शकतात हेच पटत नाही, कारण पहिली मान्य केल्यावर दुसरीकडे पाहण्याचे कष्ट वाचतात.

याचा अनुभव मला गॅसच्या टाकीने दिला. यजमानांचे सात-आठ महिने एकच चालले होते, “टाकी हलकी आहे.” टाकी आली की ते तिच्यापाशी उकिडवे बसत आणि वरच्या कड्याच्या पट्टीवर रंगवलेले आकडे बोटाने चाचपत मोठ्याने वाचत. मी त्यांना हाताला धरून उठवत असे आणि टाकी आणणाऱ्या मुलाला खुणेने सांगत असे की लक्ष देऊ नकोस. एक दिवस रद्दीवाला घरी आला होता, त्याच्याजवळ ताणकाटा होता. त्यांचे समाधान व्हावे एवढ्याच हेतूने मी नुकतीच आलेली, सील न काढलेली टाकी त्याच्याकडून तोलून घेतली. पट्टीवर रिकाम्या टाकीचे वजन असते, त्यात गॅसचे १४.२ किलो मिळवायचे, एवढा साधा हिशेब आहे. टाकी जवळपास दोन किलो कमी भरली. पुन्हा तोलली, तितकीच. मी यजमानांना सांगितले की तुमचे बरोबर होते. ते ‘मग’ एवढेच म्हणाले आणि पुन्हा आकडे वाचू लागले. त्या दिवसापासून मी त्यांचे प्रत्येक बोलणे आधी तपासायचे आणि मगच आजारावर ढकलायचे, असे ठरवले. दहातली नऊ बोलणी आजाराचीच निघत. दहावे ऐकण्यासाठी ती नऊ तपासावी लागत होती.

श्रेडर यांच्या चित्रपटाचे पुढे जे झाले त्यालाही हीच गोष्ट लागू पडते, असे मला वाटते. श्रेडर म्हणजे १९७६ च्या ‘टॅक्सी ड्रायव्हर’चे पटकथाकार; ढासळत्या मनाच्या माणसाला पडद्यावर उभे करण्याचा त्यांचा अनुभव जुना आहे. या वेळीही पटकथा त्यांचीच होती. चित्रीकरणानंतर निर्मात्यांनी चित्रपट त्यांच्या हातून काढून घेतला आणि त्याचे संकलन, पार्श्वसंगीत व ध्वनिमिश्रण त्यांना बाजूला ठेवून पुरे केले. ऑक्टोबर २०१४ मध्ये श्रेडर, केज, येल्चिन आणि कार्यकारी निर्माते निकोलस विंडिंग रेफ्न (आधी तेच हा चित्रपट दिग्दर्शित करणार होते) यांनी टी-शर्ट घालून काढलेली छायाचित्रे श्रेडर यांनी फेसबुकवर टाकली. त्या टी-शर्टांवर त्यांच्याच करारातले कलम छापलेले होते, चित्रपटाविषयी वावगे बोलण्याची मनाई करणारे. चित्रपट आपल्या हातून काढून घेतला गेला, एवढे श्रेडर यांनी सोबत लिहिले; चित्रपटाविषयी मात्र काही बोलायचे त्यांनी टाळले. छायालेखक गॅब्रिएल कोसुथ यांनीही डिसेंबरमध्ये ‘व्हरायटी’ या चित्रपट-व्यवसायाच्या अमेरिकी नियतकालिकात लेख लिहून रंगसंस्काराचे आपले काम आपल्याला करू दिले गेले नाही, असे सांगितले. चित्रपट प्रदर्शित झाला आणि समीक्षकांनी श्रेडर यांनाच फैलावर घेतले.

पैसा घालणाऱ्याला गोष्ट सरळ आणि समजेल अशी हवी असते, यात गैर काही नाही. सूडकथा म्हणून प्रदर्शित चित्रपट कळायला अवघड जात नाही. औषधाच्या धाग्यावरून माग काढण्याचा भाग तर रंगतोही. परंतु ९४ मिनिटे पाहून झाल्यावर लक्षात राहते ते एवढेच की एका हेराला काही आजार होता आणि त्याने जुना वैरी गाठला. आजार निदानाच्या प्रसंगात येतो, अधूनमधून भडक्याच्या रूपाने दिसतो आणि बाकीच्या वेळी पडदा अगदी निरोगी माणसाच्या डोळ्यांनी जग दाखवत राहतो. प्रत्येक दृश्य मागच्याला नीट जोडलेले, रंग स्वच्छ, संगीत कधी घाबरायचे ते सांगणारे. ज्याच्या मेंदूत गोष्टींची सांगड तुटत चालली आहे, त्याची कथा इतकी नीटनेटकी झाली की ती त्याची उरतच नाही.

श्रेडर यांनी नंतर केलेले काम मला म्हणूनच फार मोठे वाटते. मूळ चित्रफीत त्यांच्या ताब्यात नव्हती. संकलनाच्या काळातल्या कच्च्या प्रतींच्या डीव्हीडी तेवढ्या जवळ होत्या. त्यांवरून त्यांनी २०१७ मध्ये ‘डार्क’ नावाची सुमारे ७५ मिनिटांची निराळी आवृत्ती तयार केली. ती चित्रपटगृहांत आली नाही, विक्रीला ठेवली नाही, तिच्यातून एक पैसा मिळणार नव्हता. अभ्यासकांना पाहता यावी म्हणून ती संग्रहालयांकडे सोपवली गेली. तिच्यातील काही दृश्ये माझ्या पाहण्यात आली आहेत. चित्र ताणून मोठे केल्यामुळे त्याचे दाणे दिसतात, चेहरे कडेला सरकतात, आणि गोष्ट पुढे जाईल तशी चौकट फुटत, धूसर होत जाते. प्रत चांगली नसल्याचे वैगुण्य त्यांनी लपवले नाही, लेकच्या मेंदूची अवस्था म्हणून वापरले. यजमानांच्या शेवटच्या वर्षात ते खिडकीबाहेर पाहत बसत तेव्हा त्यांना काय दिसत असेल, असा प्रश्न मला अनेकदा पडे. त्या दाणेदार चित्राने मला पहिल्यांदा त्याची काही कल्पना दिली. त्या आधी, २०१६ मध्ये, श्रेडर यांनी केज यांच्याबरोबरच दुसरा चित्रपट केला, तो अंतिम संकलनाचा हक्क आपल्याकडे ठेवून. येल्चिन मात्र त्याच वर्षी जूनमध्ये अपघातात गेले. ‘डार्क’ त्यांना पाहता आला नाही.

हे अमेरिकेचे झाले, आपला काय संबंध, असे कोणी म्हणेल. आपल्या कॉपीराइट कायद्यातही चित्रपटाचा ‘कर्ता’ म्हणजे निर्माता, दिग्दर्शक नव्हे. २०१० च्या दुरुस्ती विधेयकात मुख्य दिग्दर्शकालाही सहकर्ता मानण्याची तरतूद होती. २०१२ मध्ये दुरुस्ती झाली तेव्हा ती गळाली. कलाकृतीचा विपर्यास रोखण्याचा विशेष हक्क कलम ५७ कर्त्याला देते, पण कर्ता कोण हेच असे ठरलेले असल्यावर दिग्दर्शकाच्या पदरात किती पडणार? ऑगस्ट २०२५ मध्ये ‘रांझणा’ची तमिळ आवृत्ती कृत्रिम बुद्धिमत्तेने बदललेल्या सुखान्तासह पुन्हा प्रदर्शित केली गेली, आणि दिग्दर्शक आनंद एल. राय व अभिनेते धनुष यांना जाहीर निषेध करण्यापलीकडे काही करता आले नाही. तेव्हा समीक्षकाने आपण कोणाची आवृत्ती पाहिली एवढे तरी वाचकाला सांगावे, ही अपेक्षा आता अवाजवी राहिलेली नाही.

आजाराविषयीच्या भाषेबद्दल आणखी थोडे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’मुळे अल्झायमर म्हणजे काय हे हजारो मराठी घरांना कळले. डॉ. मोहन आगाशे यांनी साकारलेले, हत्तीमागून चालत गेलेले शास्त्रीबुवा आणि त्यांना पोटच्या पोरासारखे सांभाळणारी माहुताची बायको आजही डोळ्यांसमोर येते. त्या चित्रपटाचे उपकार आहेत. पण त्यानंतर मेंदूचा प्रत्येक ऱ्हास आपण शास्त्रीबुवांच्याच निरागस रूपात पाहू लागलो. माझे यजमान निरागस झाले नाहीत. ते कठोर झाले, हावरट झाले, परक्या बायकांना नको ते बोलू लागले. अशा रुग्णाची दया कोणाला येत नाही, कारण तो आजारी दिसत नाही, वाईट माणूस दिसतो. लेकही दयनीय दिसत नाही, आणि पटकथेत तसे लिहिण्याचे धाडस श्रेडर यांनी केले, हे मला महत्त्वाचे वाटते.

हाणामारीच्या चित्रपटांचे नायक ब्रूस विलिस यांच्या कुटुंबाने मार्च २०२२ मध्ये त्यांना वाचाघात झाल्याचे आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये हाच फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया असल्याचे जाहीर केले. जगभर या आजाराचे नाव तेव्हा पहिल्यांदा घरोघरी पोहोचले. आपल्याकडे ते ‘विस्मरण’ म्हणूनच अधिक पोहोचले. २०२३ मध्येच प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासाने साठी ओलांडलेल्या सुमारे ८८ लाख भारतीयांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज दिला. मोजणी साठीपासून सुरू होत असल्यामुळे ज्यांचा आजार पन्नाशीत सुरू होतो, नोकरीत असताना, मुलांची शिक्षणे चालू असताना, ते या आकड्यात नाहीत. त्यांना नैराश्याच्या गोळ्या मिळतात, कारणे दाखवा नोटिसा मिळतात, किंवा म्हातारचळ लागला म्हणून घरचेच त्यांच्याशी बोलणे सोडतात.

तेव्हा माझी आपल्याला विनंती आहे की पुरवणीत एखाद्या अंकात लेखातील उल्लेखाची दुरुस्ती छापावी, आणि यापुढे या आजाराचा उल्लेख करताना विसरभोळेपणा किंवा विस्मरण असे शब्द वापरू नयेत. ‘विवेकभ्रंश’ हा शब्द मला सुचतो. जाणकारांना याहून नेमका शब्द सुचला तर तो स्वीकारावा. शक्य झाल्यास एखाद्या मेंदुविकारतज्ज्ञाकडून सुरुवातीच्या लक्षणांवर सविस्तर लेख लिहून घ्यावा.

यजमानांना जाऊन चार वर्षे झाली. ज्यांच्या तेराव्याचा प्रसंग वर आला आहे ते कुटुंब आपले वाचक आहे, म्हणून माझे नाव छापू नये. पत्र लांबले आहे याची जाणीव आहे. जागेअभावी कमी करावे लागले तर कायद्याचा परिच्छेद खुशाल काढावा, गॅसच्या टाकीचा मात्र ठेवावा.

आपली विश्वासू,
एक वाचक, सांगली